घड्याळजींच्या खिडकीतलं रोप

मित्रांनो, मनुष्यजातीच्या तुटलेल्या नसा पुन्हा जोडण्यासाठी या भूतलावर माझा अवतार झाला आहे. निदान प्रयोगशाळेत तरी माझ्याबद्दल असंच बोलत. त्याच प्रयोगशाळेत माझ्या कुंडीत चहाचा चोथा टाकायचीही पद्धत होती, म्हणून मी फार शेफारलो नाही. मी एक जुनं रोप आहे. माझं लांबलचक लॅटिन नाव एका पाटीवर होतं. ती पाटी पुढे कोणीतरी खडखडणाऱ्या खिडकीत पाचर म्हणून अडकवली.

माझी पानं खुडायची, सावलीत वाळवायची, कुटून स्पिरिटात भिजवायची आणि अर्क काढायचा, हे काम एका संशोधक बाईंचं. पायाची नस दुखावलेल्या उंदरांना त्या तो अर्क देत आणि त्यांच्या पावलांना शाई लावून कागदावरून चालवत. फरपटलेले ठसे हळूहळू नीट उमटू लागले, त्या दिवशी बाईंनी मला स्वतःच्या हाताने पाणी घातलं. एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

बाईंचे वडील घड्याळजी. दुकानाची काच फुटून त्यांच्या उजव्या मनगटातली नस तुटली. डॉक्टरांनी ती शिवली, पण बोटं बधिरच राहिली. ज्या बोटांना तिळाएवढा स्क्रू कळायचा, त्यांना आता शर्टाचं बटणही कळेना.

एकदा ते प्रयोगशाळेत आले.

"पोरी, त्या उंदरांना देतेस ते मलाही दे की थोडं."

"बाबा, उंदरांना मानवलं म्हणजे माणसाला मानवेलच असं नसतं. किती द्यायचं, काय बिघडेल, अजून काहीच ठाऊक नाही."

"मग मला उंदीर समज. तुझी आई समजायचीच."

बाई हसल्या. अर्क मात्र दिला नाही. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

दर आठवड्याला त्या वडिलांना डोळे मिटायला सांगत, बोटांना नायलॉनचा बारीक तंतू टेकवत आणि विचारत, "जाणवतं?"

"नाही गं."

एका आठवड्यात मात्र प्रश्न पुरा व्हायच्या आतच ते म्हणाले, "हो! जाणवलं बघ!"

तंतू अजून हवेतच होता.

"छान," बाई म्हणाल्या, आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. पानं मोजत असाव्यात.

तो अर्क माणसांपर्यंत पोहोचायला अजून वर्षं लागतील म्हणतात. पोहोचेलच असंही कोणी म्हणत नाही. दरम्यान मी म्हातारा झालो, नवी रोपं आली. बाईंनी मला वडिलांच्या दुकानात आणून खिडकीत ठेवलं.

घड्याळजी माझी फार काळजी घेतात. रोज सकाळी उजव्या हाताचं बोट माझ्या मातीत खुपसतात. आज तरी काही कळतंय का, ते पाहतात. मग हळहळतात, "अरेरे, कोरडाच की रे तू!" आणि तांब्याभर पाणी ओततात. कुंडीत चिखल झाला आहे. माझी मुळं कुजत चालली आहेत.

मित्रांनो, झाडांची निगा राखा. न जाणो, एखाद्या पानात कोणाची तरी बोटं अडकलेली असतील. नसांचं पुढेमागे काय व्हायचं ते होईल. तूर्त त्या दुकानावरून कोणी जाणार असाल, तर घड्याळजींना एवढंच सांगा, जरा हळूच, त्यांचं मन न दुखवता: डाव्या हाताचं बोट लावून बघा.