मंगळवारचं पाणी

"आगं, हे बटाटं हाईत का बोरं?" नाझारियानं मातीतनं मूठ वर काढली. मी कुदळ टाकून मटकन खाली बसले. आमच्या वायरापाता गावाच्या उतरणीवर खालच्या अंगाची सगळी शेतं त्या साली तशीच करपली. पाटाचं पाणी वरच्या आळीनंच पिऊन टाकलं हुतं.

नाझारिया माझी धाकली जाऊ. पेरणीआधी गावसभेत पाणी मागायचं काम आमी बायांनी तिच्याच गळ्यात मारलं हुतं. ती उभी ऱ्हायली. सगळ्यांचं डोळं तिच्यावर. "पाणी..." म्हनली, आनि घशाला कोरड पडली. "पाणी... पाणी..."

पाटाचा म्होरक्या प्लासिदो वरडला, "तहान लागली व्हय गं? आरं, तांब्या द्या कुनीतरी बाईला!"

सभा खदाखदा हसली. शाल तोंडाला लावून मी बी हसले. नाझारियानं नेमकं माझ्याकडं बघितलं आनि खाली बसली.

त्ये तिनं पुन्यांदा काढलं न्हाई. म्या बी न्हाई.

बटाटं गेल्यावर तालुक्याच्या बायांच्या संघातनं योलांदाबाई यायला लागल्या. दर गुरवारी शाळेत चारचौघांत बोलायला शिकवायच्या. नाझारिया निघाली तशी मी म्हनले, "गाढवाला गाणं शिकवत्यात!" पन मीच लोकर कातायच्या निमतानं खिडकीखाली जाऊन बसायची. आत जायाची लाज वाटायची.

पयल्या दिशी तिला उभं ऱ्हाऊन नुसतं नाव सांगाया लावलं. नाव सांगून ती झटक्यात खाली बसली. मग तीन बायांम्होरं, मग धा. घरी ती आमच्या लोकरीच्या जनावरांम्होरं, अल्पाकांम्होरं, बडबडायची. योलांदाबाई म्हनायच्या, "भ्या जात न्हाई, पोरी. त्ये घिऊनच उभं ऱ्हायचं. पाय रोव, दम घे. लोकं हसली तर हसू दे. कवर हसत्याल?"

म्होरल्या सभेत ती उठली. प्लासिदो लगेच म्हनला, "तांब्या आणू का?"

सभा हसली. नाझारिया गप उभी. लोकं हसून दमली. शेवटाला एकटा प्लासिदोच हसत ऱ्हायला, आनि त्यालाच वशाळल्यागत झालं.

"पाट खनताना आमचं हात चालत्यात," ती म्हनली, "मग पाणी वाटताना आमचं तोंड का चालत न्हाई? मंगळवारचं पाणी खालच्या शेतांस्नी द्या." आवाज कापत हुता, पन मधी तुटला न्हाई.

हात वर झालं. मंगळवार आमचा झाला.

त्या मंगळवारी पयलं पाणी तिनं माझ्याच शेतात सोडलं. मी बांधावर. दोघीच हुतो. सांगावं म्हनलं, नाझारिया, त्या दिशी मी हसले, चुकले. तोंड उघडलं, पन शब्द फुटंना.

"काय गं आक्का? काय म्हनत हुतीस?"

"काय न्हाई," मी म्हनले, आनि खाली वाकून सरीतला गाळ वडाया लागले.