दोन पायऱ्या

नाट्यगृहांचे पडदे शिवणाऱ्या त्या कारखान्यात मास्तरीण बावीस वर्षं कापड बेतत होती. घरच्या जिन्यावरून पडून तिचे पाय गेले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं आता. पण मालकांनी तिला परत बोलावलं. रस्त्यापासून दारापर्यंत सिमेंटचा उतार घातला, पुढच्या खोलीला लागून चाकाची खुर्ची फिरेल एवढं स्वच्छतागृह बांधलं आणि काचेच्या भिंतीजवळ तिला टेबल दिलं. टेबलावर टेलिफोन, फुलदाणी आणि तिच्या नावाची पाटी. लोक म्हणाले, माणूस असावा तर असा.

काम मात्र नव्हतं. बेतायचं मेज आतल्या दालनात, आणि दालन दोन पायऱ्या खाली. तिथे आता तिची भाची उभी असायची, तिनेच हाताला धरून शिकवलेली. मास्तरीण बाहेर बसून कात्र्यांचा आवाज ऐकायची. कुठली कात्री बोथट झालीय, हे तिला बसल्या जागी कळायचं. आठ महिन्यांत तिने चारदा मालकांना विचारलं, मला आत कामाला कधी नेणार. दर वेळी ते म्हणत, बघू. आणि वर म्हणत, ताई, जन्मभर उभ्यानं राबलात, आता जरा बसा की. बसण्याचाच तर तिला वीट आला होता. पाहुणे येत, तिच्याशी मोठ्याने बोलत, जणू पायांबरोबर कानही गेले होते, आणि शेजारी उभं राहून फोटो काढून घेत. वाफेची इस्त्री चालवणारा लंबू जाता-येता चिडवायचा, की मास्तरीण, फुलदाणीला निदान फुलं धरायचं काम आहे. ती हसायची. मग ते दिवसभर कुसळासारखं टोचत राहायचं.

मग एक समिती येणार असं ठरलं. अपंगांना सामावून घेणारा कारखाना म्हणून मालकांचा गौरव व्हायचा होता. त्याच्या आदल्या सकाळी लंबू लाल मखमलीचे दोन पट्टे झटकायला खांद्यावरून घेऊन अंगणाकडे निघाला आणि दार उघडण्यासाठी ते त्याने दोन खुर्च्यांवर टाकले. काचेतून तिरपा उजेड आत येत होता. मास्तरीण बघतच राहिली. एक पट्टा गर्द, दुसरा विटल्यासारखा.

तिने दोन्हींवरून तळवा फिरवला. एकाची लव खाली वळलेली, दुसऱ्याची वर. तिने भाचीला हाक मारली.

भाची म्हणाली, मावशी, एकाच ताग्यातलं आहे गं.

"घडी घालून कापलंस?"

भाचीचा चेहराच उतरला. मालकांनी घाई केली होती, म्हणून तिने तागा आडवा दुमडून एका वेळी दोन पट्टे कापले होते. सुती कापडाला ते चालतं. मखमल दुमडली की वरच्या थराची लव उलटी होते, आणि दालनातल्या डोक्यावरच्या दिव्यांत ते कुणाच्या बापालाही दिसत नाही. बारा पट्ट्यांपैकी सहा उलटे होते. रंगमंचावरच्या दिव्यांच्या झोतात पडद्यावर ढळढळीत पट्टे उठले असते. भाची हळूच म्हणाली, मालकांना सांगू नकोस. आपलेच दात, आपलेच ओठ. पण तोवर मालक मागे येऊन उभे होते.

ते भाचीवर डाफरले, मग मास्तरिणीकडे वळून एकदम नरमले. म्हणाले, सगळे पट्टे इथेच आणवतो, ताई, तुम्ही बसल्या जागी निवडा.

"वीस-वीस फुटांचे बारा पट्टे इथे माझ्या डोक्यावर पसरणार का? मला आत न्या."

लंबूसह चौघांनी खुर्ची उचलली. पोत्यासारखं उचलून घेणं तिला सहन व्हायचं नाही. तिने डोळे मिटून घेतले. मेज उभ्याने काम करायच्या उंचीचं, ते तिच्या हनुवटीला लागलं. मग भाची एकेक पट्टा मेजाच्या कडेवरून खाली सोडू लागली आणि मास्तरीण हाताने लव पाहून मागच्या बाजूला खडूचा बाण ओढू लागली. दोन शिवणी उसवाव्या लागल्या. दुपारपर्यंत उलटे पट्टे फिरवून सगळे सरळ झाले. मधे कुणीतरी तिला टाचणी मागितली, कुणी आपली कात्री दाखवली. आठ महिन्यांत तिला कुणी काही मागितलं नव्हतं.

मालक हात चोळत आले. म्हणाले, लाज राखलीत, ताई. चला, बाहेर नेतो, उद्याच्यासाठी टेबल आवरून ठेवू. चौघे पुढे झाले.

मास्तरिणीने खुर्चीचे दोन्ही ब्रेक ओढले.

"मी इथेच बसते. उद्या पाहुण्यांना खाली पाठवा. दोन पायऱ्या त्यांना जड जायच्या नाहीत."

मालक हसले, मग हसू आवरून समजुतीने बोलू लागले. इथे तुमचे हाल होतील, रोज कोण उचलणार, आणि मुख्य म्हणजे तुमची सोय बाहेर आहे.

"ठाऊक आहे. म्हणून आज इथे पाण्याचा घोट घेतला नाही. संध्याकाळपर्यंत काढीन. सुताराला तेवढा वेळ पुरेल."

दालनातली यंत्रं एकेक करून थांबली. भाची खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिने मागची मूठ घट्ट धरली. लंबूने हात पाठीमागे नेले. मग बाकीच्या तिघांनीही. मालकांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि उसासा टाकून पायऱ्या मोजायला टेप मागवली.

"टेप कशाला?" मास्तरीण म्हणाली. "आठ महिने बघतेय त्यांच्याकडे. एकेक सात इंचांची. चौदा इंच उतरायला चौदा फूट फळी लागेल. तुमचं बक्षिसांचं कपाट मधे येतंय, ते हलवावं लागेल."

मालक कपाटाकडे बघत राहिले.