दीपमालेची वही

दीपमाला चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत तपासणीला होती. शंभरात किती पीस बाद, हे मोजण्यात तिची नऊ वर्षं गेली होती. त्याच सवयीने ती जवळच्या कुरुळी गावातल्या भाड्याच्या खोलीवर रोज वहीत आणखी एक आकडा लिहायची. पाचशे मोठ्या कंपन्यांपैकी किती शेअर आपल्या दोनशे दिवसांच्या सरासरी भावाच्या वर आहेत? बाजार बरा असला की तीनशेच्या पुढे. यंदाच्या पडझडीत आकडा साठवर आला.

तिने मोठ्या विश्वासाने ती वही रोहिदाससरांना दाखवली. जुन्या गावातल्या तालेवार घरचा हा माणूस दर रविवारी शेअरबाजाराचा क्लास घ्यायचा. पुढच्या रविवारी तिचाच आलेख पडद्यावर झळकला, 'रोहिदास फॉर्म्युला' म्हणून.

"बाजाराने तळ गाठला. उद्याच सगळं लावा!"

दीपमाला ताडकन उठली. "सर, वही माझी आहे. आणि तुम्ही अर्धंच सांगताय. आकडा एवढा खाली म्हणजे विकणारे दमत आलेत, एवढंच. तो अजून खाली जाऊ शकतो. वर वळू द्या, मग थोडं थोडं घ्यायचं."

"ताई, बसा. हे काय नटबोल्ट मोजणं नाही."

सगळे हसले. तिची कानशिलं तापली, पण ती खाली बसली.

तिच्याच बसने कंपनीत येणाऱ्या आणि क्लासलाही बसणाऱ्या कुसुमताईंनी दोन वर्षांच्या ओव्हरटाइमचे पैसे सोमवारी लावले. पंधरा दिवसांत आकडा पस्तिसावर घसरला. सरांचा मेसेज आला, 'सगळं विका.' कुसुमताईंनी रडत विकलं. आठवड्याभरात आकडा साठ, नव्वद, दीडशे असा चढत गेला. दीपमालेने तीन टप्प्यांत खरेदी केली.

"तुला कळत होतं, तर मला हाताला धरून का नाही अडवलंस गं?" कुसुमताई बसमध्ये म्हणाल्या.

ते तिला झोंबलं. रविवारी ती कुसुमताईंना घेऊन क्लासच्या दारातच उभी राहिली.

"सर, सगळ्यांना विकायला लावलंत. तुम्ही स्वतः विकलं का?"

"बाजारात रिस्क असतेच..."

"विकलं का?"

मागून दादासाहेब नावाचे फोरमन म्हणाले, "सांगा की राव!"

रोहिदासांची पुस्तकी भाषा गळून पडली. "न्हाई इकलं! माझा पैसा हाय, मी काय बी करीन!"

खुर्च्या सरकल्या. निम्मेअधिक लोक फी परत मागत टेबलाभोवती जमले. दीपमालेने पुढे होऊन प्रोजेक्टरची वायर उपटली.

फी परत मिळाली, कुसुमताईंचा तोटा मात्र भरून आला नाही. जिना उतरताना त्या म्हणाल्या, "मला शिकव तुझं ते मोजणं."

"शिकवीन. पण आज नको, ताई," दीपमाला म्हणाली. "सगळे हसले तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. सरांचा आलाय तितकाच मला माझाही राग आलाय."