वीज गेल्यानंतरची पाच मिनिटे

मी एक जुना यूपीएस आहे, मित्रांनो, आणि स्वस्थ बसणे म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. वीज असते तेव्हा ती आता जाईल म्हणून मी जागा, आणि गेली की संगणकाला तगवून धरताना माझी दमछाक. लेबनॉनच्या सैदा शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, टेबलाखाली माझा मुक्काम आहे. सरकारी वीज इथे पाहुण्यासारखी येते आणि चहाला न थांबता जाते. बाकी सगळा वेळ गल्लीतल्या जनरेटरवर काढायचा, आणि त्यावर एका वेळी एकच मोठे यंत्र चालते. ओव्हन आणि हीटर एकदम लावले की तळमजल्यावरचा खटका पडतो. मग कुणीतरी जिने उतरून तो वर करायचा.

मी घडलो दूरच्या एका कारखान्यात. तरुणपणी माझ्यात वीस मिनिटांचा दम होता. मुनीर नावाच्या फोटोग्राफरने मला दुकानात आणले. लग्नाचे फोटो संगणकावर चढत असताना वीज जायची, मी टीं टीं करून ओरडायचो आणि मुनीर घाईघाईने सगळे सेव्ह करायचा. मग माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचा, "शाब्बास रे पठ्ठ्या! नवरीकडच्यांच्या जोड्यांपासून वाचवलेस!" ते दिवस मला फार आवडायचे.

पुढे दुकान बंद पडले आणि मुनीर मला बहिणीच्या, हियामच्या घरी सोडून गेला. तिथे मी पाय ठेवायचा पाट झालो. ओल्या छत्र्याही माझ्यावरच टेकायच्या. माझी बॅटरी थकत चालली होती, पण ते कुणी विचारायचे? ओरडलो की बटण दाबून मला गप्प करायचे, एवढीच काय ती माझी चौकशी.

हियामची मुलगी रुबा संगणकशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिला प्रबंधाचा विषय ठरवायचा होता आणि तो काही ठरत नव्हता. बाजारात कलिंगडावर टिचक्या मारून ते परत ढिगात ठेवावे, तसे तिने विषय हाताळून ठेवून दिले होते. रहदारीचा विषय घेतला, सोडला. खोट्या बातम्या ओळखण्याचा घेतला, तोही सोडला. तिच्या मार्गदर्शक डॉक्टर नजवा अखेर वैतागल्या. "गुरुवारी विषय सांग, नाहीतर तुझी जागा मी दुसऱ्याला देते," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. जागा गेली की वर्ष गेलेच.

"विषय शोधतेयस की नवरा?" हियाम स्वयंपाकघरातून विचारायची. "एकही पसंत पडत नाही तुला!"

"मोठा विषय हवाय आई. मोठा असला तर बाहेरच्या देशात कुणीतरी विचारेल."

शेवटी तिने फुप्फुसांचा विषय धरला. संगणकाला छातीचे हजारो फोटो दाखवायचे आणि रोग ओळखायला शिकवायचे. ही शिकवणी तासन्‌तास चालायची आणि हीटरइतकी वीज खायची. मधेच हियाम हाक द्यायची, "रुबा, ओव्हन लावतेय गं! काय ते बंद कर!"

"थोडं थांब ना आई!"

"मी थांबेन, कणीक थांबेल का? तुझी फुप्फुसं नंतर बघ."

खटका पडायचा, मी धापा टाकत संगणक धरून ठेवायचो, रुबा हाताला लागेल ते वाचवायची, आणि शिकवणी पुन्हा बरीच मागून सुरू व्हायची. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

गुरुवारी दुपारी शिकवणी चालू ठेवूनच रुबा संगणकावरून डॉक्टर नजवांशी बोलत होती. कानांवर हेडफोन होते, म्हणून आईची हाक तिला ऐकूच आली नाही. फुप्फुसांचे भाषण रंगात आले होते तेवढ्यात वीज गेली. मी किंचाळलो आणि संगणक व इंटरनेट दोन्ही धरून ठेवले.

"हा कसला आवाज?" डॉक्टर नजवांनी विचारले.

"खटका पडलाय डॉक्टर. आई खाली चाललीये. माझ्याकडे पाच मिनिटं आहेत."

"असं झालं की तू काय करतेस?"

"आधी लिहिलेलं सेव्ह करते. मग संगणक जे शिकलाय त्यातलं मावेल तेवढं उतरवून घेते. फोटो सोडून देते, ते परत मिळतात. आणि आईवर ओरडते."

डॉक्टर नजवा हसल्या. "आणि तू खोलीत नसलीस तर?"

"तर सगळं जातं."

"म्हणजे आधी काय वाचवायचं ते तुला कळतं, संगणकाला नाही. ते त्याला शिकव. हा विषय का नाही सांगितलास?"

"हा कसला विषय, डॉक्टर? ही तर आमच्या घरातली कटकट आहे."

"माझ्याही घरात तीच आहे. फुप्फुसांवर माझ्याकडे आधीच चौघं बसलेत. यावर कुणीच नाही. हो की नाही ते सांग, पुढचा मुलगा वाट बघतोय."

रुबा हेडफोनची वायर बोटाला गुंडाळू लागली. परदेशातले लोक हसतील, असेच तिच्या मनात आले असणार. जिन्यात हियामच्या सपाता वाजत होत्या, अजून बऱ्याच वर होत्या. माझे अंग तापले होते. पाच मिनिटे माझ्यात कधीच उरली नव्हती, हे फक्त मला माहीत होते. लवकर बोल पोरी, लवकर बोल! पण मला एकच आवाज येतो, आणि तो ऐकायची तिला सवय नव्हती.

"घेते," रुबा म्हणाली. तिथेच मी संपलो आणि पडदा काळा झाला.

वीज आली तेव्हा ती पडद्यासमोर तशीच बसून होती. "पोचलं असेल का गं?" तिने धापा टाकत आलेल्या आईला विचारले. हियामला काय कळणार? तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर नजवांचा निरोप होता: "ऐकलं. जागा तुझी. आता आधी मोजून बघ, तुझ्याकडे खरंच पाच मिनिटं आहेत का?"

दुसऱ्या दिवशी रुबाने मला टेबलाखालून बाहेर काढले, पुसले आणि स्वतःच्या हाताने माझी पिन उपटली. मी ओरडू लागलो. तिने बटण दाबले नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून ती जमिनीवर बसून राहिली आणि माझे ओरडणे शेवटपर्यंत ऐकले. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, यंत्र असेल किंवा माणूस असेल, जे वर्षानुवर्षे भार धरून उभे आहे. पूर्वी त्याला किती जमायचे त्यावर जाऊ नका. आता किती जमते ते त्यालाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसा.

"दोन मिनिटंसुद्धा नाहीत गं आई," रुबा म्हणाली.

"मग याला नवी बॅटरी आणू की."

"आणू. पण विषय मी या दोन मिनिटांवरच करणार. ज्यांच्याकडे जास्त वेळ असतो, त्यांचं सगळं तसंही वाचतं."