बायोरची निळी पिंपं

कुमासी शहरात नऊ वर्षं मी दुसऱ्याच्या खानावळीत भांडी घासली. खानावळ बंद पडली, तशी गावी परत आले आणि क्लोटिल्डाआत्याला म्हटलं, "मला पितो करायला शिकव."

आत्या म्हणजे माझ्या बापाची धाकटी बहीण. आमच्या बाजारात पितो, म्हणजे ज्वारीची बियर, विकणाऱ्या अकरा बायका आहेत, त्यांतली सगळ्यांत जुनी तीच. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भांडी घासायची सवय आहे ना? मग अर्धं काम येतंच तुला," म्हणाली.

सामान फार लागत नाही. पातेलं तिनं तिचं जुनं दिलं, बुडाला ठिगळ होतं पण गळत नव्हतं. गाळायची टोपली तिनंच विणली. जुन्या पितोच्या फेसात भिजवून वाळवलेली विरजणाची दोरीही दिली. राहिली ती पितो निववायला आणि आंबवायला दोन मोठी मडकी. ती कुंभारणीकडून आण, म्हणाली. कुंभारणीनं सांगितलं, भट्टी लागायला तीन आठवडे. माझी ज्वारी तर मोड येऊन, वाळून, दळून तयार होती. मला धीर निघेना. म्हणून मी आत्याला न सांगता बायोरकडे गेले.

बायोर बाजाराच्या कडेला पिंपं, डबे, जुने टायर विकतो. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो. माझा बाप गेला तेव्हा तिन्ही दिवस आमच्या अंगणात बसला होता, रडलाही होता. त्याच्याकडे निळी प्लास्टिकची पिंपं रांगेनं लावलेली होती.

"काका, आत काय होतं यांच्यात?"

"खायचं तेल, पोरी. सोयाबीनचं. पिंपं मी स्वतः धुतलीत."

"वास येतोय थोडा."

"नव्या प्लास्टिकचा वास. तू पेर्पेटुआ ना, आपल्या कुइरेची लेक? तुला कशाला फसवू मी?"

मडक्याच्या निम्म्या भावात दोन पिंपं मिळाली. डोक्यावर एक घेऊन दोन खेपा केल्या, आणि मनात अगदी गाणं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पितो शिजायला ठेवली. तोवर पिंपं धुवायला त्यांत राखेचं कढत पाणी ओतलं. तेवढ्यात आत्या विरजण कसं टाकायचं ते दाखवायला आली. अंगणात पाऊल ठेवलं आणि थबकली.

"हा वास कसला?"

पिंपाजवळ जाऊन तिनं आत तोंड घातलं आणि झटका बसल्यासारखी मागे झाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कोयता आण," एवढंच म्हणाली.

पिंपाच्या बुडाजवळ बाहेरून काळ्या रंगाचा एक पट्टा होता. मला वाटलं होतं, डांबर लागलंय. आत्यानं कोयत्यानं तो खरवडला. खाली कवटी निघाली, आणि कवटीखाली दोन हाडं.

"तणनाशक," आत्या म्हणाली. "माझा पोरगा मक्यावर मारतो तेच."

चुलीवर पितो उकळत होती. संध्याकाळी मी ती याच पिंपात ओतणार होते. परवाच्या बाजारात चाळीस-पन्नास माणसं माझ्या हातून भोपळ्याचा तुंबा घेऊन तोंडाला लावणार होती. आणि रंग लावला होता! म्हणजे त्याला ठाऊक होतं. हातात ब्रश घेऊन, खाली वाकून, नीट कवटी झाकून मग तो मला पोरी म्हणाला होता.

बाजाराच्या दिवशी ते पिंप डोक्यावर घेऊन मी त्याच्यासमोर गेले आणि धाडकन आपटलं.

"ही कवटी कुणाची? तुझ्या सोयाबीनची?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल, बाई. मला विकणाऱ्यानं जसं दिलं तसं मी दिलं."

"रंग कुणी लावला?"

"अगं, पितो आंबतेच ना? आंबल्यावर आतलं सगळं मरतं."

टायरवर बसलेले दोघे-तिघे खिदळले. त्यानं खिशातून नोटा काढून माझ्यापुढे धरल्या. "घे तुझे पैसे आणि तोंड बंद कर."

पैसे मी घेतले. ते माझेच होते. तोंड मात्र बंद केलं नाही. "बाकीची पिंपं कुणाला विकलीस?"

"मी काय नावं लिहून ठेवतो?"

"अख्ख्या गावाच्या बारशाची-मयताची नावं तुला पाठ. पिंपं नेणाऱ्या चार गिऱ्हाइकांची नाहीत?"

"जा आता. गिऱ्हाईक येतंय."

तो खरंच दुसऱ्या बाईकडे वळला, हसून तिची विचारपूस करायला लागला. तेव्हा माझा हात शिवशिवला. मारलंच असतं त्याला. पण आत्यानं मागून माझं मनगट धरलं. "इकडे ये," म्हणाली. ती ओरडली नाही. ती फार चिडली की आवाज खाली जातो तिचा.

पितोवाल्या बायका आंब्याखाली ओळीनं बसतात. आत्यानं एकेकीच्या कानाशी वाकून सांगितलं. शेवटच्या बाईपर्यंत पोचली तोवर पहिलीनं मडक्यावर झाकण ठेवलं होतं. मग सगळ्यांनीच ठेवलं. तुंबे पालथे पडले.

"आज पितो नाही," आत्या म्हणाली.

सहा दिवसांनी एकदा बाजार भरतो. माणसं उन्हातून दोन-दोन तास चालत येतात ती काय कांदे घ्यायला? एकच गलका झाला. झिएमआजोबा मयतीला लाकडी बालाफोन वाजवतात, त्यांच्यासमोर कुणी आवाज चढवत नाही. ते काठी आपटत पुढे आले.

"क्लोटिल्डा, मी काय पाप केलं? भरलेली मडकी दिसतायत मला!"

"दिसू देत, आजोबा. बायोरनं विषाची पिंपं विकलीत. कुणाच्या घरी आहेत ते सांगत नाही. तो सांगेपर्यंत थेंब मिळायचा नाही."

"मग आमचा घसा का सुकवतेस? त्याचा आवळ ना!"

"माझ्यानं व्हायचं नाही. तुम्ही आवळा."

आजोबा काठी टेकत थेट बायोरच्या दुकानाकडे निघाले. मागे पन्नासभर माणसं. मघाशी खिदळलेले दोघे सगळ्यांत पुढे होते, ते पाहून मला आणखीच चीड आली. विषाचं ऐकून हसले होते, पितो बंद झाल्यावर न्याय आठवला.

अर्ध्या तासात बायोरला सातही पिंपांची नावं आठवली.

त्या दुपारी आम्ही घरोघर फिरलो. तिघांनी पिंपात ज्वारी भरली होती. एकानं कोंबड्यांचं पाणी ठेवलं होतं. कोंबड्या मेल्या तेव्हा साथ आली असं समजून गप्प बसला होता. सहावं पिंप दाबिरे मास्तरांच्या घरी. तिथं पिण्याचं पाणी होतं. त्यांच्या सुनेला सातवा महिना होता, तोंडात फोड आले होते, आठवडाभर अन्न जात नव्हतं. आम्ही सांगितलं तेव्हा ती पोर हातातल्या पेल्याकडे नुसती बघत राहिली. मी तो पेला घेतला आणि पिंप लाथेनं आडवं केलं. पाणी अंगणभर पसरलं. मास्तर त्याच पावली तिला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले.

पाचवं आणि सातवं एका ट्रकवाल्यानं सरहद्दीपलीकडे नेली होती. त्यांचा पत्ता कधीच लागला नाही.

मी चौकीत गेले. हवालदारानं पिंप उलटसुलट करून पाहिलं. "कागद नाही, पावती नाही. काय लिहू?" म्हणाला. कवटी दाखवली तर म्हणाला, "ही तर तुम्हीच खरवडलीत."

दाबिरेंच्या सुनेला मुलगी झाली. धडधाकट आहे. पण सुनेच्या पोटात अजून दुखतं, आणि कशानं ते दवाखान्यात कुणी खात्रीनं सांगत नाही.

मी कुंभारणीकडून मडकी आणली. माझी पहिली पितो पातळ आणि आंबटढाण झाली. झिएमआजोबांनी एक तुंबा संपवला आणि दुसरा मागितला नाही. तिसऱ्या बाजारापासून ते दोन प्यायला लागले.

बायोर अजून पिंपं विकतो. चर्चमध्ये बाक तेवढा मागचा झाला त्याचा, बस. मागच्या बाजाराला तो आंब्याखाली आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "झालं गेलं विसर, पोरी. एक तुंबा दे."

मी त्याच्या शेजारच्या माणसाला वाढलं. मग त्याच्या पलीकडच्याला. तो बराच वेळ हात पुढे करून बसला होता.