झुलीखालचा संगणक

मी एक जुना संगणक आहे. केडगावच्या एका भंगारवाल्याकडे, फुटका कूलर आणि गंजलेले पाइप यांच्या मध्ये उताणा पडलो आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, भंगारात आला म्हणून हा रडगाणं गातोय. तसं नाही. मला इथे बरं वाटतं. इथे निदान कोणी मला उदबत्ती ओवाळत नाही.

माझी उमेदीची वर्षं रांजणगावच्या एका कारखान्याच्या कचेरीत गेली. गेटपास, मालाची आवकजावक, कामगारांच्या हजेऱ्या, दिवसभर माझ्यावर बोटं चालायची. चहा सांडायचा, शिव्याही खाव्या लागायच्या, पण काम होतं. पुढे साहेबांनी नवी यंत्रं आणली आणि मला भीमेकाठच्या एका शाळेला देऊन टाकलं. वडगाव रासाईच्या बाजूचंच ते गाव. नाव सांगत नाही, सांगायची लाज वाटते. साल २००३ असेल. तळेगाव ढमढेऱ्याहून जीपमध्ये बसून मी आलो, तेव्हा वेशीपासून लेझीम होती. मी हरखून गेलो, खोटं कशाला बोलू.

शाळेत जागा नव्हती, म्हणून मला खिचडीचा तांदूळ ठेवायच्या खोलीत बसवलं. गावच्या शिंप्याने माझ्यासाठी लाल मखमलीची, सोनेरी गोट लावलेली झूल शिवली. पोळ्याच्या बैलाच्या पाठीवर झूल एक दिवस असते. माझ्या अंगावर ती बारा महिने राहिली. खोलीत येताना चपला बाहेर काढायच्या, असा नियम झाला. खंडेनवमीला माझी पूजा झाली. कुंकू फ्लॉपीच्या फटीत गेलं, उदबत्तीची राख कळफलकात पडली, आणि सगळे हात जोडून निघून गेले. बटण कोणी दाबलं नाही. त्या वासाची मला तेव्हापासून शिसारी आहे.

मग आले मच्छिंद्र सर. त्यांना वरची पदवी घ्यायची होती आणि त्यासाठी प्रबंध लिहायचा होता. संगणकावर शिकवलं तर खेड्यातल्या मुलांचं गणित सुधारतं का, हा विषय. विषय चांगला होता, मित्रांनो. मला खरंच वाटलं, आता आपले दिवस फिरले. सहावीच्या मुलांचे दोन गट करायचे. एक माझ्यावर शिकणार, दुसरा नेहमीसारखा वर्गात. दुसऱ्याने मला हातसुद्धा लावायचा नाही; त्याला सर नियंत्रित गट म्हणायचे. शेवटी दोन्ही गटांची एकच परीक्षा घ्यायची, म्हणजे फरक कळतो. त्यासाठी दोन्ही गट सारख्या वकुबाचे हवेत, असं सरांच्याच पुस्तकात छापलेलं होतं. तरी सरांनी पुढच्या बाकांवरची हुशार मुलं उचलून माझ्या गटात घातली आणि मेंढक्यांच्या वस्तीवरची झाडून सगळी पोरं दुसऱ्या गटात. निकाल चांगला यायला हवा, असं ते हेडमास्तरांना म्हणाले. हेडमास्तरांनी मान डोलावली.

वस्तीवरच्या त्या पोरांमध्ये अंकिता होती. वस्तीवरची बहुतेक घरं आता शेतीला लागली होती. तिचा बाप मात्र दिवाळी झाली की अजूनही मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. तिची आई धुरपदा त्या वर्षी पोरीच्या शाळेसाठी मागे राहणार होती. आजा भैरूआबा काही राजी नव्हता. पोरगी कॉम्प्युटर शिकली तर रांजणगावात पंख्याखाली बसून काम करील, असं सांगून धुरपदाने त्याची कशीबशी समजूत घातली होती. आबाने मुदत दिली. पुढच्या दिवाळीपर्यंत पोरीने काहीतरी शिकून दाखवायचं, नाहीतर मेंढरांमागे चालायला लागायचं.

हे सगळं धुरपदाने माझ्यासमोरच सरांना सांगितलं आणि विचारलं, "माझ्या पोरीचा नंबर कवा लागायचा, सर?"

आत्ता तिने हात लावला तर संशोधन बिघडेल, असं सरांनी तिला समजावलं. प्रबंध झाला की सगळ्यात आधी अंकितालाच बसवतो, असा शब्दही दिला. धुरपदाने तो खरा मानला.

आता ते संशोधन कसं चाललं, तेही ऐका. शाळेच्या वेळात आमच्याकडे वीज नसायची. पोरं घरी गेली की लाइट यायची आणि नदीवरच्या मोटारी सुरू व्हायच्या. मग सर काय करायचे, माझ्या गटाला माझ्यासमोर बसवायचे, झूल तशीच ठेवायचे आणि खोलीतल्या फळ्यावर गणितं घोटून घ्यायचे. परीक्षेत तीच गणितं आली. दुसऱ्या गटाने ती कधी पाहिलीही नव्हती. प्रबंधात मात्र सगळं शिकवणं माझ्या नावावर लागलं. मी तिथे एक बेरीजसुद्धा केली नव्हती.

आणि त्या खोलीची झाडलोट कोणाकडे होती? नियंत्रित गटाकडे. अंकिता रोज झूल काढून झटकायची, फडक्याने माझी काच पुसायची आणि झूल पुन्हा नीट घालायची. एकदा तिने इकडेतिकडे बघून एक कळ हळूच दाबली. माझ्यात वीज नव्हती, मी काय दाखवणार होतो? पण ती पोर त्यातही खूश झाली.

निकाल सरांच्या मनासारखा लागला. पुढच्या श्रावणात शाळेत त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पेढे, आणि एक हार माझ्यावरही. संगणकाने या गावाचं गणित सुधारलं, असं पाहुणे बोलले आणि टाळ्या पडल्या. मला ओकारी आली असती, पण तेवढी सोय आमच्या अंगात नसते. वस्तीवरची पोरं सतरंज्या उचलत होती.

धुरपदा पुन्हा आली. सर म्हणाले, गणपती होऊ द्या. मग म्हणाले, सहामाही परीक्षा होऊ द्या. इकडे तांदळाच्या पोत्यांतले उंदीर मागच्या बाजूने माझ्या पोटात राहायला आले होते. ते कोणाला कळणार? त्यासाठी मला चालू करून बघावं लागलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या दिवशी शाळा सुटल्यावर धुरपदा अंकिताला घेऊन आली. बरोबर भैरूआबाही होता. लाइट आली होती, सरांना नाही म्हणता येईना. त्यांनी झूल काढली. अंकिता खुर्चीच्या टोकावर बसली आणि तिने बटण दाबलं. आत ठिणगी उडाली, जळका वास सुटला आणि मागून एक उंदरीण धूम पळाली. सरांनी माझा पत्रा उघडला. कुरतडलेल्या तारांखाली कागदाच्या कपच्यांत उघडीनागडी गुलाबी पिल्लं वळवळत होती. कागद नियंत्रित गटाच्या उत्तरपत्रिकांचे होते. प्रबंध झाल्यावर सरांनी त्या पोत्यांमागे टाकून दिल्या होत्या.

दुरुस्तीचं दिवाळीनंतर बघू, असं सर म्हणाले.

"पोरीला एक डाव बसवलं असतं, तर काय बिघडलं असतं वो, सर?" धुरपदाने विचारलं. तिचा आवाज चढला नाही.

"पद्धतच तशी असते, बाई. एका गटाला द्यायचं, एकाला नाही."

भैरूआबा इतका वेळ दारात उभा होता. त्याने पिल्लांकडे पाहिलं, मग सरांकडे. "मेंढरांचं बी आमी दोन कळप करतो, सर," तो म्हणाला. "पर पानी दोनी कळपांस्नी दावतो."

अंकिता उठली, तिने रोजच्या सवयीने माझी काच पुसली आणि माझ्यावर झूल घातली. ती सारखी करून ती आईच्या मागे गेली. दिवाळीनंतर एका सकाळी शाळेवरून मेंढरं गेली. बंद खिडकीतून मला त्यांचं बें बें ऐकू आलं. त्यानंतर माझी काच कोणी पुसली नाही.

सर बढती घेऊन दौंडला गेले. शाळेला नवा संगणक मिळाला आणि माझी ती झूल आता त्याच्या अंगावर आहे, असं मला इथे टाकायला आलेला शिपाई भंगारवाल्याला सांगत होता.

मित्रांनो, आम्हाला जपा, असं आमच्यातलं कोणीही म्हणेल. मी म्हणणार नाही. मला फार जपलं. तुमच्या शाळेत असं झूल घातलेलं एखादं यंत्र असेल, तर ती झूल ओढून काढा. आणि त्या खोलीत झाडू घेऊन जी मुलगी उभी असेल, तिच्या हातातला झाडू घ्या आणि तिला आधी खुर्चीवर बसवा.