राखेखालचं बियाणं

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. येवल्याकडच्या एका वाडीत, कुसाबाईंच्या घराच्या कोपऱ्यात मी उभी असते. बांबूच्या कामट्यांनी मला विणलं, शेणामातीनं लिंपलं. पोटात बाजरी भरली की मला डुलकी लागायची. दाणे हळूच कुजबुजायचे आणि मी अर्धवट झोपेत हिरवी शिवारं बघत राहायचे. कीड लागू नये म्हणून कुसाबाई पुढच्या पेरणीचं बियाणं राखेत कालवून माझ्या तळाशी ठेवायच्या.

दोन वर्षांपूर्वी गावच्या शेती मंडळाचा अध्यक्ष गोरक्ष झाला. सगळ्यांची शेतं एकत्र करायची, असं त्यानं फर्मान काढलं. जो नाही म्हणेल त्याचं पाणी बंद! सगळ्यांनी मुकाट्यानं सह्या केल्या. पेरणीची तारीखही मंडळानंच ठरवली.

"माती लय ओली हाय, अजून वाफसा नाय. बी कुजंल," कुसाबाई म्हणाल्या.

"तारीख ठरली हाय, आजी," गोरक्ष म्हणाला.

बी कुजलं. शेत आता कुणाचंच नव्हतं, त्यामुळे पुन्हा पेरायला कुणाचा पाय उचलला नाही. गोरक्षनं मात्र भरघोस पीक आल्याचं वर कळवलं आणि तो आकडा भरायला घराघरातलं धान्य ओढून नेलं. त्याचा माणूस दत्तू माझ्यात वाकला.

"नुसती राख हाय," तो म्हणाला. मला हसूच आलं.

हिवाळा सरला तशा वाडीतल्या चुली विझल्या. रेशनही मंडळाच्याच हातात होतं. ज्यांना चालवत होतं ते देवळाली कॅम्पला मजुरीला गेले. कुसाबाईंची नात आरोही मला टेकून पडून राहायची. मी तिला माझी हिरवी स्वप्नं द्यायचे, पण स्वप्नांनी कुठं पोट भरतं?

एका सकाळी तिला हाक मारली, तर नुसते डोळे हलले. कुसाबाईंनी राखेत हात घातला.

"आज शेतच दळतेय मी, पोरी," त्या म्हणाल्या.

बियाणं जपणं हाच माझा धर्म. तरी मी मनातून ओरडले, घ्या बाई, सगळं घ्या! जातं फिरलं, पेज झाली. आरोही घोट घोट प्यायली.

पुढे मंडळ मोडलं, शेतं परत मिळाली. यंदा पाऊसही छान आहे. आरोही अंगणात धावते. आमच्या शेतात मात्र नुसतं गवत डुलतंय, कारण वाडीत कुणाकडेच बी उरलेलं नाही आणि विकत घ्यायला पैसाही नाही.

मित्रांनो, जो पेरतो त्याचं ऐका आणि त्याच्या कणगीला हात लावण्याआधी त्याला विचारा. बियाणं दळणाऱ्या जात्याचा आवाज मी ऐकला आहे. तुमच्या कानावर तो कधीच न पडो.